बटाट्याची गादी

११ जानेवारी

प्रिय ताई,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी "हो, नाही, बरं" एवढंच बोललो. राग मानू नकोस. फोनवर माझे शब्द एकमेकांच्या पायात येतात. लिहिलेलं बरं असतं, पाठवण्याआधी दोनदा तपासता येतं.

काम एकच आहे. आई बटाट्याचे थर लावून, वर चीज किसून भाजायची आणि आपण त्याला गादी म्हणायचो, त्याची कृती मला हवी आहे. प्रत्येक गोष्टीचं वजन लिही. ओव्हन किती गरम आणि किती मिनिटं, तेही लिही. "अंदाजाने" हा शब्द कृपा करून वापरू नकोस. मला अंदाज नाही, हे तुला माहीत आहे.

कारण असं, की आमच्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीत वर्षातून एकदा सगळे एकत्र जेवतात. यंदा अठ्ठावीस फेब्रुवारीला, रविवारी, यंत्रं बंद असतात तेव्हा. प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणायचा. चादरींच्या घड्या घालायच्या लांब टेबलावर भांडी ओळीने मांडतात. मग सर्वांत जुना माणूस चमचा घेऊन ओळीने चालत जातो आणि प्रत्येक भांड्यातला एक घास चाखतो. त्याने चाखलं की ते भांडं सगळ्यांना मोकळं. हा मान इस्त्रीकाकांचा. गरम रुळांच्या मोठ्या इस्त्रीवर ते एकवीस वर्षं होते. मला काम त्यांनीच शिकवलं. आता ते कामावर येत नाहीत, पण त्या दिवशी त्यांना बोलावलं आहे.

आई होती तेव्हा माझ्या डब्यातली अर्धी गादी तेच खायचे. म्हणायचे, "आईला सांग, असल्या गादीवर झोप कुणाला येणार, जाग आली पाहिजे!"

आणखी एक नियम आहे. भांडं पांढऱ्या फडक्याने झाकून आणायचं, पिवळं चालत नाही. आमच्याकडे पिवळी पिशवी म्हणजे संसर्गाचे कपडे, त्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही. ही सवय इतकी अंगात मुरली आहे की घडीवाली मावशी एकदा पिवळा स्वेटर घालून आली, तर दिवसभर तिच्या शेजारी कुणी बसेना. शेवटी काकांनी चिमट्याने तिची बाही धरली आणि म्हणाले, "हिला वेगळ्या यंत्रात टाका." मावशी आठवडाभर फुगून होती.

उत्तर लवकर पाठव. मला आधी करून बघायचं आहे.

तुझा भाऊ

---

१६ जानेवारी

बारक्या,

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. कोण आहे ती? घड्या घालणारी की टाके घालणारी? ज्याने जन्मात अंडं उकडलं नाही, तो गादी करायला निघाला आणि म्हणे इस्त्रीकाकांसाठी! काकांना पुढे करून कुणाला खाऊ घालणार आहेस ते लिही, म्हणजे मी त्या हिशोबाने लोणी वाढवते.

तुझ्यापायी काल मी वजनकाटा घेऊन बसले. तुझे भावजी म्हणाले, "सोनं तोलतेस का?" म्हटलं, भाऊ तोलते आहे.

तर घे. बटाटे दीड किलो, कच्चट उकडायचे, सुरी जेमतेम आत जाईल इतपत. सोलून पातळ चकत्या कर. कांदे दोन, उभे चिरून लोण्यात परत, लाल करू नकोस. सॉसला लोणी साठ ग्रॅम, त्यात मैदा साठ ग्रॅम, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाज. मग दूध पाऊण लिटर, कोमट, थोडं थोडं करून, आणि हात थांबवायचा नाही. मीठ, मिरपूड. चीज तीनशे ग्रॅम, त्यातलं दोनशे सॉसमध्ये आणि शंभर वर. भांड्याला लोणी लाव. मग चकत्या, कांदा, सॉस, परत चकत्या, असं भांडं भरेपर्यंत. सगळ्यात वर चीज आणि ब्रेडचा चुरा. ओव्हन एकशे ऐंशी, चाळीस मिनिटं. झालं समाधान?

आता वजनात न बसणारी एक गोष्ट. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. आई म्हणायची, घाई केली की थर रडतात. सगळं पाणी सुटतं आणि गादीची गोधडी होते.

आणि काय रे, काका कामावर का येत नाहीत? एकवीस वर्षं म्हणजे काही निवृत्तीचं वय नव्हे. बरे आहेत ना?

ताई

---

३० जानेवारी

प्रिय ताई,

कृती मिळाली. दोनदा करून बघितली. ओव्हन घरमालकीणबाईंचा आहे. त्या प्रत्येक वेळी दारात उभ्या राहतात आणि म्हणतात, "माझ्या ओव्हनला सवय नाही हो असल्या परीक्षांची."

पहिल्या वेळी चकत्या काळ्या पडू नयेत म्हणून पाण्यात ठेवल्या आणि न पुसता लावल्या. पंधरा मिनिटं घड्याळ लावून थांबलो, तरी थर रडले. दुसऱ्या वेळी प्रत्येक चकती पुसली. एकशे अठरा निघाल्या, तीन तीन मिलिमीटरच्या. सॉसमध्ये दोन गुठळ्या राहिल्या, त्या शोधून काढल्या. घरमालकीणबाईंनी खाल्लं आणि मीठ पुरेसं आहे म्हणाल्या. म्हणजे जमलं असावं.

मुलगी वगैरे कुणी नाही, ताई. माझ्याशी कुणी बोलतच नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो. हे पान मी चार वेळा फाडलं आहे.

काकांचा उजवा हात गेला. सप्टेंबरमध्ये, कामावर असताना, रुळात. मनगटाच्या वरून कापावा लागला. रुळापुढे एक आडवा बार असतो. हात पुढे गेला की बार ढकलला जातो आणि यंत्र थांबतं. चादर जाड असली तरी यंत्र उगीच थांबतं, म्हणून काकांनी चादरीची चिंधी घेऊन बार मागे बांधला होता. चौकशी झाली. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, बार कुणी बांधला? घडीवाली मावशी, धोब्या, टाकेवाली, सगळे म्हणाले, आम्ही पाहिलं नाही. यंत्रांची रोजची नोंदवही मी लिहितो, माझं अक्षर चांगलं म्हणून. मला विचारलं. मी खरं सांगितलं. मग काकांना कामावरून काढलं, स्वतःच्या चुकीने झालं म्हणून.

तेव्हापासून मला वाळीत टाकलं आहे. मी जेवायला बसलो की बाक रिकामा होतो. मावशी जाता येता म्हणते, "वहीत लिही हो, मावशी अकरा वाजता शिंकली."

त्या दिवशी काकांनी माझ्या भांड्यातला एक चमचा चाखला, तर सगळं मिटेल. बाकीचे त्यांच्याकडेच बघून वागतात. आणि गादीच का, तर ती तोडावी लागत नाही, सोलावी लागत नाही, दुसऱ्या हाताने धरावी लागत नाही. डाव्या हाताने चमच्याने खाता येते. मी सगळ्या पदार्थांचा विचार केला. हाच एक बसला.

एक चमचा, ताई. मला त्याहून जास्त नको.

तुझा भाऊ

---

४ फेब्रुवारी

ती. काका,

आपली भेट एकदाच झाली, आई गेली तेव्हा. तुम्ही भावाच्या पाठीवर हात ठेवून दारात उभे होतात. तुमचा पत्ता लॉन्ड्रीच्या ऑफिसात फोन करून मिळवला. भावाला यातलं काही माहीत नाही.

तुमच्यावर काय ओढवलं ते मला परवा कळलं. शब्द नाहीत, आणि असले तरी तुमच्या काय कामाचे.

तरी पदर पसरते. त्या पोराने अठ्ठावीस तारखेसाठी तुमच्या आवडीची बटाट्याची गादी करायला घेतली आहे. चकत्या मोजतो आहे वेडा. लहानपणी त्याच्या हातून पेला फुटला तर आई येईपर्यंत तो तुकडे गोळा करून, हातात धरून दारात उभा राहायचा. त्याला खोटं बोलता येत नाही, ही त्याची खोड आहे. खोड म्हणूनच सोडून द्या.

एक चमचा चाखा, काका. आवडलं नाही तरी चाखा.

तुमच्या मुलीसारखी

---

११ फेब्रुवारी

मुली,

अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून घे. एवढं लिहायला दोन दिवस लागले.

साक्षीचा मला राग नाही. बार मीच बांधला होता. नोकरी माझ्या गाठीने गेली.

पण त्याने तुला सगळं लिहिलेलं दिसत नाही. चौकशीत त्याने वही वाचून दाखवली. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं, रूळ क्रमांक दोन, बार बांधलेला आहे. खाली सही. माझा हात साडेअकराला गेला. मधले तीन तास वीस मिनिटं तो माझ्यासमोर चादरीचं टोक धरून उभा होता. त्याने पाहिलं, लिहिलं आणि वही बंद केली. गाठ सोडायला दोन बोटं पुरली असती. "काका, सोडा" म्हणाला असता तर मी शिवी घातली असती आणि सोडली असती.

पोरगा वाईट नाही. त्याचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नाही. पण त्याच्या हातचा घास घशाखाली उतरणार नाही. मनातल्या मनात करून पाहिलं. नाही उतरत. नुसतं तोंड हलवून फसवणं मला जमायचं नाही, सगळे माझ्या तोंडाकडे बघत असतात.

मी जाणार आहे, बाकीच्यांसाठी. त्याला काय सांगायचं ते तू ठरव.

---

१६ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, घरात पाहुणे होते.

तू नाही गेलास तर नाही का चालणार? ताप आला म्हण. इकडे ये चार दिवस, मी तुला भरवते गादी. नाहीतर दुकानातला केक ने, त्यात कुणाच्या हातची चव शोधायला नको. पण तू ऐकणार नाहीस. तू लहानपणी औषधसुद्धा घड्याळ बघून घ्यायचास.

जाणारच असलास तर सोबत फडकं पाठवते आहे, आईच्या सामानात सापडलं. भांडं यातच गुंडाळ, दुसरं घेऊ नकोस. तुमच्याकडचे नियमबियम माझ्या लक्षात राहत नाहीत, तेव्हा काही चुकलं असेल तर खापर माझ्या डोक्यावर फोड. कुणी खाल्लं नाही तर सरळ म्हण, ताईने घोळ घातला. मला चालेल. ऐकलंस का? मला चालेल.

मिठाचं सांभाळ. आणि कुणी चाखलं, कुणी नाही, याची वही करू नकोस.

ताई

---

४ मार्च

प्रिय ताई,

काय झालं ते क्रमाने लिहितो.

तुझं पार्सल चोवीसला मिळालं. फडकं पिवळं होतं. आईकडे पिवळं फडकं नव्हतं, तिची सगळी फडकी जुन्या चादरींची, कडेला दोरा सुटलेली. याच्या कोपऱ्यात दुकानाच्या चिठ्ठीचा डिंक अजून होता. मी बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसलो. एखादी गोष्ट मी एकदा सांगितली की तू विसरत नाहीस. माझ्या बुटाचा नंबर तुला पाठ आहे. पिवळं तू चुकून पाठवणार नाहीस. मग मला कळलं की तू काकांना विचारलं असणार, आणि ते नाही म्हणाले असणार. त्यांनी वेळही सांगितली असेल. आठ दहा.

ते मी तुला लिहिलं नव्हतं. पान चार वेळा फाडलं ते त्यासाठीच. मी गाठ पाहिली होती, ताई. मला वाटलं, मी माझं काम केलं. नोंद केली. तारीख, वेळ, सही. ते एकवीस वर्षांचे जुने आणि मी चार वर्षांचा, त्यांना काय सांगणार, असंही वाटलं. पण खरं सांगायचं तर लिहून झाल्यावर माझ्या मनातून ते गेलंच. लिहिलं की माझ्या डोक्यावरचं ओझं उतरतं. ते कागदावर जातं. त्या दिवशी ते कागदावरच राहिलं.

तरीही मी गादी केली. माणूस समोर आल्यावर मन बदलतं, असं वाटलं. रविवारी पहाटे उठून केली. या वेळी एकही गुठळी नव्हती. आईच्या एका खऱ्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळली आणि बसमध्ये हिंदकळेल म्हणून चालत गेलो, पन्नास मिनिटं. पिवळं फडकं पिशवीत घेतलं. का घेतलं ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

टेबलावर एकोणीस भांडी होती. माझं सतरावं. शेजारच्या भांड्यांनी थोडं अंतर ठेवलं होतं. मावशी म्हणाली, "वाट्या मोजून आणल्यास का रे, का वहीत नोंद आहे?" दोघंतिघं हसले.

काका आले. उजवी बाही दुमडून टाचली होती आणि तिची घडी अगदी सरळ होती. सगळे उभे राहिले. मावशी एकेका भांड्यावरचं फडकं उचलत पुढे जात होती आणि काका डाव्या हातातल्या चमच्याने चाखत मागून येत होते. कुणाला म्हणाले, "मीठ विसरलास, पण मन घातलंयस." कुणाला म्हणाले, "हे परत आणलंस तर मीच तुला रुळात घालीन." सगळे हसत होते. ते स्वतः असलं बोलू शकतात, म्हणून इतरांना हसता येत होतं.

सोळा झाली. मावशीने माझं फडकं उचललं आणि ती बाजूला झाली. यंत्रं बंद असली की आमच्या हॉलमध्ये नळाचा थेंबसुद्धा ऐकू येतो. तो ऐकू आला.

काकांनी चमचा आत घातला. थर छान बसले होते, ताई. सात थर वेगळे दिसत होते, एकही रडला नव्हता. त्यांनी चमचा हनुवटीपर्यंत उचलला आणि तिथेच थांबले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं. सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच. मला वाटलं होतं की डोळ्यांत राग असेल. राग असता तर बरं झालं असतं. ते माझी क्षमा मागत होते. जमत नाही रे, असं म्हणत होते. ज्याचा हात गेला तो माणूस माझ्यापुढे ओशाळून उभा होता आणि वीस माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

मी त्यांच्यासमोरच उभा होतो. तेव्हाही तसाच होतो, चादरीचं टोक धरून.

मी पिशवीतून पिवळं फडकं काढलं आणि भांड्यावर टाकलं.

मावशी ओरडली, "अगं बाई, पिवळं!" आणि सगळे एक पाऊल मागे गेले, सवयीनेच. मी मोठ्याने म्हणालो, "चुकलं. बहिणीने पाठवलं, तिला आपले नियम माहीत नाहीत. याला कुणी हात लावू नका." टाकेवाली हसली. मग सगळेच हसायला लागले. माझ्यावर हसत होते, पण हसत होते.

काकांनी चमच्यातलं परत भांड्यात ठेवलं, फडक्याची कड चमच्याच्या मागच्या बाजूने उचलून, अगदी हळू. म्हणाले, "पिवळ्याला हात लावायचा नाही, पोरा. शिकवलं होतं ना मी?" मी म्हणालो, "हो, काका." मग ते अठराव्या भांड्याकडे गेले.

पाच महिन्यांत ते माझ्याशी बोलले ते एवढंच. यापुढे बोलतील असं वाटत नाही. बाकावर परवाही कुणी बसलं नाही. मिटलं नाही, ताई. मिटणार नाही. एवढं मला आता अंदाजाने कळतं.

गादी घरी आणली. तीन दिवस दोन्ही वेळा तीच खाल्ली. घरमालकीणबाईंना एक वाटी दिली, त्या म्हणाल्या, आधीच्या दोन्हींपेक्षा चांगली आहे. काकांनी चमचा घातला होता तेवढा कोपरा मी ठेवला होता. टाकवत नव्हता आणि खाववतही नव्हता. काल खाल्ला. कडक झाला होता. भांडं घासून पालथं घातलं.

नोंदवही साहेबांना परत दिली. कारण विचारलं तेव्हा अक्षर बिघडलं आहे, असं सांगितलं. माझं हे दुसरं खोटं, आणि तेही त्यांना लगेच कळलं असावं.

तू मला वाचवायला बघितलंस, हे मला कळलं. ते फडकं माझ्या कामाला आलं नाही, पण काकांच्या आलं. सोबत परत पाठवतो आहे. वेगळं धुतलं, इस्त्री केली, चार घड्या घातल्या. रंग पक्का आहे, जरासुद्धा गेला नाही.

तुझा भाऊ